मी तेव्हा ओरडले का नाही?

(पत्रातला महत्त्वाचा भाग खाली दिला आहे. गाव, कामधंदा आणि ओळख पटेल असे इतर तपशील बदलले आहेत.)

ताई,

हे पत्र लिहायला तीन रात्री लागल्या. मी ३६ वर्षांची आहे. नवरा पतसंस्थेत नोकरीला, मी घरी ब्लाउज शिवते. मुलगी नऊ वर्षांची. बाहेरून बघाल तर आमचं सगळं छान चाललंय.

मी सहा वर्षांची असताना वडील गेले. आईला मामाचाच आधार होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मामाकडे राहायचो. दुपारी बायका स्वयंपाकघर आवरून पडवीत लवंडल्या की मामा मला माडीवर बोलवायचा. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. असं दोन सुट्ट्या चाललं. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तो माझे बाकीच्या भावंडांपेक्षा जास्त लाड करायचा. कुल्फी, रिबिनी, बाजारात सायकलवर पुढे बसवणं. मला ते लाड आवडायचे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि मी कधी ओरडले नाही. खाली पडवीत आई होती. एक हाक मारली असती तर वर आली असती. मी वर बघत वासे मोजत पडून राहायचे. अकरा होते.

एकदा आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मामा आहे तो, लाड करतो. असं घाण बोलू नये." पण पुढच्या मे महिन्यात आम्ही मामाकडे गेलोच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. म्हणजे तिला कळलं होतं.

आता मुलगी नऊ वर्षांची झाली आणि मला काहीतरी व्हायला लागलं. ती दुपारी झोपली की मी दाराशी बसून राहते. डांबरगोळ्यांचा वास आला की पोटात ढवळतं. नवऱ्याने मागून खांद्यावर हात ठेवला तरी किंचाळते. त्याला वाटतं, मला तो नकोसा झालाय. झोप नाही.

पुढच्या महिन्यात मामाच्या घरी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आई म्हणते, तू आली नाहीस तर लोक काय म्हणतील. मामाची सहा वर्षांची नात त्याच घरात असते.

समुपदेशकाकडे जाऊ का? गेले तर ते पोलिसांना कळवतील का? इतक्या वर्षांनी काही उपयोग आहे का? आणि मी तेव्हा ओरडले का नाही? या पत्राचा कच्चा कागद मुलीच्या जुन्या वहीत आहे. तो फाडून टाकू का?

— एक वाचक

*

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही 'तू'च म्हणते.

तुझ्या पत्रातला शब्द न् शब्द मी खरा मानते. हे आधी लिहिते, कारण नऊ वर्षांच्या तुला हे वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं आणि कुणी म्हटलं नाही.

प्रश्न तू बरेच विचारलेस, पण ओरडण्याची गोष्ट तुझ्या पत्रात दोनदा आली आहे. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं माहितीची आहेत, ती देतेच. हा प्रश्न मात्र तुला सत्तावीस वर्षं आतून खातोय, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू.

घारीची सावली अंगणात पडली की कोंबडीची पिल्लं काय करतात, पाहिलं आहेस? काही पळतात. काही जिथल्या तिथे थिजतात, चिवचिवसुद्धा थांबते. तो काही त्यांनी घेतलेला निर्णय नसतो. माणसाचंही तसंच आहे. फार मोठा धोका समोर आला आणि पळायला वाट नसली की मेंदूचा जुना, आदिम भाग सगळा ताबा घेतो. स्नायू आखडतात किंवा लुळे पडतात, घशातून आवाज निघत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी सांगितलं की त्या क्षणी आपलं शरीर बऱ्याच अंशी थिजून गेलं होतं. या तुझ्याहून वयाने मोठ्या होत्या, आणि हल्ला करणारा त्यांच्या घरात आधार म्हणून वावरणारा माणूसच असेल असंही नव्हतं. तू नऊ वर्षांची होतीस आणि समोर मामा होता.

तू वासे मोजायचीस. कुणी खिडकीचे गज मोजतं, कुणी पाढे म्हणतं, कुणाला आपण छतावरून स्वतःकडे बघतोय असं वाटतं. शरीर तिथून हलू शकत नाही तेव्हा मन स्वतःला तिथून उचलून बाजूला नेतं. त्या अकरा वाशांनी तुला सांभाळलं, असं मी म्हणेन.

गप्प राहणं म्हणजे संमती, हा गैरसमज नुसता घराघरांतला नाही. तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही होता. १९७२ साली विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. तो त्या मुलीच्या नावावरून मथुरा खटला म्हणून ओळखला जातो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचं पटत नाही, अशी कारणं त्या निकालात आली. त्यावर १९७९च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. मुकाट्याने सोसणं वेगळं आणि संमती देणं वेगळं, हे त्यांनी न्यायालयाला समजावून सांगितलं. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. २०१३च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहिलं की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असं धरता येणार नाही. लहान मुलाच्या बाबतीत तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. जे समजायला न्यायालयाला इतकी वर्षं लागली, ते एका लहान मुलीने स्वतःला समजावलं नाही म्हणून तू तिच्यावर रागावू नकोस.

लाड आवडायचे, हेही तू लिहिलंस. लिहिताना तुला काय झालं असेल याची मला कल्पना आहे. सहाव्या वर्षी वडील गेलेल्या मुलीला सायकलवर पुढे बसवणारं कुणीतरी हवंच होतं. ती भूक निर्मळ होती. त्या माणसाने ती भूक हेरली आणि तिचाच उपयोग केला. अशी माणसं मूल निवडतात ती बहुधा याच हिशोबाने: कुणाला आधार कमी आहे, कुणाचं ऐकलं जाणार नाही. कुल्फी आवडणं हा तुझा गुन्हा नव्हता, आणि तिची किंमत तुला आधी कुणी सांगितलेली नव्हती.

आताच का, असं तू थेट विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. मुलगी त्या वयाला आली म्हणून. हे इतक्या बायकांच्या बाबतीत मी पाहिलं आहे की आता एखादी तिशी-पस्तिशीची आई अचानक झोप उडाल्याची तक्रार घेऊन आली की मी आधी तिच्या मुलांची वयं विचारते. इतकी वर्षं तुला वाटत होतं, मी मोठी होते, मला कळायला हवं होतं. आता समोर खरीखुरी नऊ वर्षांची मुलगी दिसते, दात पडलेली, पेन्सिल हरवली म्हणून रडणारी. नऊ वर्षांचं मूल किती लहान असतं ते तुला पहिल्यांदा दिसतंय. डांबरगोळ्यांच्या वासाचंही तसंच. अशा आठवणी गोष्टीसारख्या सलग साठत नाहीत. वास, उकाडा, जिन्याचा आवाज अशा तुकड्यांत राहतात, आणि तुकडा समोर आला की शरीराला वाटतं, ते आत्ता घडतंय. तू वेडी होत नाहीयेस. मनोविकारशास्त्रात या अवस्थेला नाव आहे, आघातोत्तर ताण, आणि तिच्यावर नीट तपासून पाहिलेले उपचार आहेत.

तसा झटका आला की एवढंच कर. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेक, थंड पाण्याने मनगटं धू, आणि मोठ्याने बोल: आज अमुक तारीख, ही माझी मशीन, हे माझं स्वयंपाकघर, भिंतीवर कालनिर्णय आहे, मी ३६ वर्षांची आहे. याने आजार बरा होत नाही, पण शरीराला आजचा पत्ता सापडतो.

आता समुपदेशन. जावं, असं मी म्हणते. इतक्या वर्षांनी उपयोग होतो का? मी सरकारी रुग्णालयात काम करत होते तेव्हा गुडघेदुखीसाठी आलेली अडुसष्ट वर्षांची एक आजी, डॉक्टर बाहेर गेल्यावर, भिंतीकडे तोंड करून बोलायला लागली. लग्नाआधीची गोष्ट होती. पाच-सहा भेटींनंतर ती म्हणाली, आता दिवा मालवून झोपता येतं. पन्नास वर्षं ती दिवा लावून झोपत होती आणि घरातले तिला वीजबिलावरून बोलत होते. तुझ्यापुढे तर तिच्यापेक्षा कितीतरी जास्त आयुष्य आहे.

तिथे काय होतं याची भीती तुला वाटत असणार. चांगला समुपदेशक पहिल्या दिवशी तुला "काय काय झालं ते सगळं सांग" म्हणणार नाही. सुरुवातीच्या भेटी झोप, घाबरणं, दिवसभराचा रेटा, घरात सुरक्षित वाटतं का, यावरच जातात. तुझ्या पायाखाली जमीन आल्यावर मग थोडंथोडं मागे जायचं, तेही तू म्हणशील तेवढंच. तू "आज नको" म्हणालीस तर तो विषय तिथे थांबायला हवा. तुझ्यावर जे झालं त्यात तुझं "नको" कुणी विचारलंच नव्हतं. या उपचाराचा गाभा माझ्या मते हाच आहे की काय, कधी, किती आणि कुणापुढे, हे ठरवण्याचा हक्क तुझ्याकडे परत येतो. मधले काही आठवडे आधीपेक्षा जड जातात, स्वप्नं वाढतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण तिथेच घाबरून अनेकजणी जाणं सोडतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघातोत्तर ताणासाठी दोन पद्धतींची शिफारस केली. एकीत आठवण आणि तिच्याभोवती चिकटलेले "माझीच चूक" असले विचार टप्प्याटप्प्याने तपासून सैल केले जातात. दुसरी ईएमडीआर, तिच्यात ती आठवण मनात धरून समोर डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटाकडे किंवा दिव्याकडे बघायचं असतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण उपयोग होतो. साधारण आठवड्याला एक भेट धर. काही महिने लागतील, तुझ्यासारख्या बालपणीच्या, वारंवार झालेल्या घावाला कधी त्याहून जास्तही.

जायचं कुठे? १४४१६ हा टेलिमानस क्रमांक फिरव. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली, मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. मुलगी शाळेत गेली की अर्धा तास काढ आणि फक्त "माझ्या जिल्ह्यात कुणाकडे जाता येईल" एवढंच विचारलंस तरी चालेल. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. मुंबईच्या बहिणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून २००० साली हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी 'दिलासा' विभाग सुरू केला, पुढे तो पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेला. घरातून बाहेर पडणं जमत नसेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' सेवा फोनवर समुपदेशन करते. खासगी ठिकाणी गेलीस तर शिक्षण आणि नोंदणी विचारायला लाजू नकोस. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. आणि विचार, लैंगिक अत्याचारातून आलेल्या माणसांबरोबर तुम्ही आधी काम केलं आहे का? तुटक उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

कुणाकडे जाऊ नये, तेही सांगते. जो म्हणेल "आधी मामाला माफ करा, मग शांती मिळेल", त्याच्याकडून उठून ये. जो मागच्या जन्मीचं कर्म काढेल किंवा अंगारा देईल, त्याच्याकडूनही. जो सगळ्या नातेवाइकांसमोर मामाला जाब विचारायला लावेल, त्याच्यापासूनही लांब राहा. ते दृश्य सिनेमात बरं वाटतं, खऱ्या घरात सगळे मिळून त्या बाईलाच खोटं पाडतात आणि जखम नव्याने उघडते. आणि झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नकोस. त्या गोळ्यांची सवय लागते. गोळ्या लागल्याच तर मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

पोलिसांचा प्रश्न. तुझ्याबाबतीत जे झालं ते साधारण २००० सालाच्या आधीचं आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ला लागू झाला आणि तो मागच्या काळाला लागू होत नाही. त्यामुळे तुझ्या स्वतःच्या जुन्या घटनेसाठी त्या कायद्याखाली पोलिसांना कळवण्याचं बंधन समुपदेशकावर येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुला दिला आहे. तक्रार करायची का, हा निर्णय फक्त तुझा. करावीशी वाटली तर त्या वेळचा भारतीय दंड संहितेतला गुन्हा कुठला, यावर बरंच अवलंबून आहे. बलात्काराच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नाही, पण त्या काळी विनयभंगाच्या कलमाची शिक्षा कमी होती आणि तिची मुदत केव्हाच संपली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील मोफत मिळतो, त्याच्याशी आधी बोल. तक्रार केली नाहीस तर तू भित्री ठरत नाहीस. बरं होण्यासाठी खटला लागतोच असं नाही. काहींना त्याने बळ येतं, काहींची त्यात दहा वर्षं जातात.

मात्र एक गोष्ट वेगळी आहे. ती म्हणजे ती सहा वर्षांची नात. तिच्या बाबतीत पॉक्सो पूर्ण लागू आहे, आणि मुलावर गुन्हा घडण्याची शक्यता आहे असं ज्याला वाटतं त्यानेही कळवावं, असं तो कायदा म्हणतो. म्हणून ही काळजी तू समुपदेशकापुढे मांडलीस तर त्यांना त्यावर काहीतरी करावं लागेल, हे माहीत असू दे. पहिल्याच भेटीत त्यांना विचार, "कुठल्या गोष्टी तुम्हाला बाहेर कळवाव्या लागतात?" तिच्याबाबत तुझ्याकडे पुरावा नाही, नुसती धास्ती आहे, आणि ती धास्ती रास्त आहे. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, सल्लाही घेता येतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षही आहे. आणि त्या मुलीची आई, तुझी वहिनी? तिच्याशी बोलण्याइतकं नातं आहे का, ते मला पत्रावरून कळत नाही. असेल तर एका वाक्यात काम होतं: "वहिनी, मी लहान असताना मला त्या घरात चांगला अनुभव आला नाही, मुलीला दुपारी एकटं ठेवू नका." याहून जास्त सांगायला तू बांधलेली नाहीस. इतकी वर्षं बोलली नाहीस म्हणून नातीचं काही झालं तर आपण जबाबदार, हे ओझं मात्र उचलू नकोस. जो करतो त्याची जबाबदारी.

सहस्रचंद्रदर्शनाला जाऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. उपचार अजून सुरूही झालेले नाहीत आणि तू त्याच माडीखाली बसून पंक्ती वाढायच्या, हे मला बघवणार नाही. लोक काय म्हणतील? दोन दिवस म्हणतील. मुलीची परीक्षा सांग, ताप सांग. अशा वेळी खोटं बोलायचा तुला पूर्ण अधिकार आहे. आजीवर तुझी माया असेल तर आधी किंवा नंतर तिला तुझ्या घरी आण, ओवाळ. पण अगदी जावंच लागलं तर मुक्काम नको, नवरा बरोबर हवा, आणि मुलगी एक मिनिटही नजरेआड नको. "मामाआजोबांच्या पाया पड" असं तिला कुणी म्हटलं तर तू मध्ये ये. आपल्याकडे मुलांना या मांडीवरून त्या मांडीवर देतात, गालगुच्चे घेतात, आणि मूल अंग चोरतं तेव्हा त्यालाच "आगाऊ" म्हणतात. तुझ्या मुलीला अंग चोरू दे. तिला तुझी गोष्ट आत्ता सांगायची गरज नाही. शरीराच्या अवयवांची नावं, नको म्हणायचा हक्क, आणि "आईला सांगू नको" असं जो म्हणेल त्याचं आईला आधी सांगायचं, एवढं सांग. आणि तिने काही सांगितलं तर हातातलं काम खाली ठेवून ऐक. ते तू ऐकशील याची मला खात्री आहे.

नवऱ्याला सांगायचं का? घाई नको, पण त्याला अंधारातही ठेवू नकोस, कारण त्याने स्वतःपुरता एक चुकीचा अर्थ लावला आहे. सगळं सांगायची गरज नाही. "लहानपणी माझ्यावर एक वाईट प्रसंग आला होता, त्यामुळे मागून हात लावला की मी दचकते. तुझ्यात काही कमी नाही. मी उपचार घेणार आहे. कोण, काय, ते आत्ता विचारू नको. हात लावायच्या आधी समोर येऊन मला हाक मार." लिहून दिलंस तरी चालेल. कोण ते कळलं की पुष्कळ नवरे तिरमिरीत भांडायला धावतात, आणि मग त्याला आवरण्याचं कामही तुझ्यावर येतं. म्हणून नाव नंतर, समुपदेशकाच्या मदतीने. तो समजूतदार असेल तर एखाद्या भेटीला त्यालाही बोलावतात. जवळिकीसाठी त्या काळात नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. बायको म्हणून ते देणं लागतेस असं नाही. अशा बायका दातांच्या डॉक्टरकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणंही वर्षानुवर्षं टाळतात, कारण तिथे पडून राहावं लागतं. तुझं तसं होत असेल तर डॉक्टरला आधी सांगून ठेव: मी हात वर केला की थांबायचं. चांगले डॉक्टर थांबतात.

आता तुझी आई. सगळ्यात अवघड हेच आहे, आणि तुला वाटतं त्याहून जास्त तू तिच्याबद्दलच लिहिलं आहेस. मामावरच्या रागाला पत्रात एक ओळ नाही. भाकरीची मात्र प्रत्येक गोष्ट आठवते. हे असंच होतं. परक्याने मारलं तर दुखतं, आपल्या माणसाने बघून न बघितल्यासारखं केलं तर ते जन्मभर खुपतं. तिने "घाण बोलू नये" म्हटलं, आणि त्या दिवसापासून जी घाण त्याची होती ती तुझ्या तोंडात आली. या वाक्याला क्षमा नाही, असं तुला वाटत असेल तर मी तुला अडवणार नाही.

पण तू स्वतःच लिहिलंस की त्यानंतर तुम्ही गेला नाहीत. त्या काळातल्या विधवेचं माहेर तोडणं म्हणजे काय, ते आठव. भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलेल्या, साडीचोळीला आणि शाळेच्या फीला भावाकडे बघणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. तुझ्या आईने भावाशी भांडण केलं नाही, तुला जवळ घेतलं नाही, कारणही सांगितलं नाही. तिने गुपचूप सुट्टीत जाणं बंद केलं. अर्धं वाचवलं आणि अर्धं तुला एकटीला सोडून दिलं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि तुला त्यांतलं एक निवडावं लागणार नाही. तिने असं का केलं हे समजून घेतलंस म्हणून तिला माफी दिली असं होत नाही. तिच्याशी कधी बोलावंसं वाटलं तर बोल, पण उपचारांत तुझे पाय रोवल्यावर. ती आजही तेच म्हणू शकते, आणि तेव्हा तुला सावरायला कुणीतरी हवं. शिवाय आजही ती तुला त्याच घरी बोलावते आहे. तिला अजून त्या गोष्टीकडे बघता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ मला दिसतो. "आई, मी येणार नाही" एवढं म्हण. कारण काय, ते तिला माहीत आहे.

२००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून पाहणी केली. निम्म्याहून जास्त मुलांनी आपल्यावर कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि बहुतेकांनी तोवर कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं. यात मुलगेही होते, मुलींइतकेच. हे वाचणाऱ्या पुरुषांपैकी कुणाची गोष्ट अशी असेल तर वरचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्यासाठीही आहे. तू मात्र नवव्या-दहाव्या वर्षी आईपुढे उभं राहून सांगितलं होतंस. त्या मुलीला आवाज नव्हता असं तू समजतेस. तिला होता.

तो कच्चा कागद फाडू नकोस. मुलीच्या वहीतून आधी काढ, ती आता वाचते. मशीनच्या खणात, कापडांखाली ठेव. पहिल्या भेटीला जाताना पर्समध्ये टाक. तिथे बसल्यावर घसा बंद झाला, एक शब्द फुटला नाही, तर काही बोलू नकोस. तो कागद समोर सरकव. समुपदेशक वाचतील तोवर तू खिडकीबाहेर बघत बस.

— तुझी ताई